दोन इमारतींपुरतं रेडिओ केंद्र

ऐंशीच्या दशकात आम्ही वाशीला राहायला आलो. दिरांनी दुबईहून आणलेल्या टू-इन-वन रेडिओ-टेपवर एफएमची पट्टी होती, पण तिथे नुसती खरखर. एका दुपारी त्या खरखरीतून बाईचा आवाज आला. ती पेपर वाचत होती. मध्येच म्हणाली, "आई, पाणी आलंय, भरून घे." आमच्याही नळाला तेव्हाच पाणी आलं! म्हणजे बाई आमच्याच सोसायटीतली.

मग मी रोज ऐकू लागले, गॅलऱ्या न्याहाळू लागले. एका गॅलरीत कपड्यांच्या दोरीशेजारी एरियलसारखी उभी तार दिसली. तिथलं दार वाजवलं. तिशीची बाई, हातात पेपर. तुमचं वाचन आमच्या रेडिओवर ऐकू येतं म्हटल्यावर चेहरा घाबरलेला.

"ताई, तक्रार करणार का?"

"छे हो. पण वाचता कुणासाठी?"

तिने समोरच्या इमारतीकडे बोट केलं. "बाबा अंथरुणाला खिळलेत. मी जातीबाहेर लग्न केलं, म्हणून भाऊ घरात घेत नाही. आमचे हे रेडिओ दुरुस्त करतात, त्यांनी माझा आवाज रेडिओवर पोचवणारं हे मशीन बनवलं. भाऊ कामावर गेला की आई तिकडे रेडिओ लावते."

"बाबांना ठाऊक आहे, तुम्ही वाचता ते?"

"त्याबद्दल ते काही बोलत नाहीत. पण परवा वाचताना मला खोकला आला. संध्याकाळी आई खाली भेटली, हातात खडीसाखर ठेवली. म्हणाली, बाबांनी पाठवलीय."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी मी तो रेडिओ लावला नाही.