नंबराचा दगड

आज सकाळी ऊर्जानगरच्या दवाखान्यात दोघांनी एकमेकांची कॉलर धरली. एकानं मोबाईलवर नंबर लावला होता, दुसरा मधेच घुसला. लोक व्हिडिओ काढत बसले. मी नंबर सोडून घरी आलो. काऊन, ते सांगतो.

ऐंशीच्या दशकातली, मूल गावातली गोष्ट. तेव्हा डॉक्टरच्या दारासमोर ओळीनं दगड ठेवायचे. दगड म्हणजे तुमचा नंबर. दगड रांगेत, माणसं समोरच्या टपरीवर चहाला.

त्या दिवशी माझा दगड पहिला होता. दार उघडलं तसा घोंगडं पांघरलेला एक माणूस आला, माझा दगड पायानं उडवला आणि सरळ आत निघाला.

"ओ भाऊ, नंबर काऊन तोडून राह्यले?" मी धावत त्याच्यासमोर गेलो. तो थांबेना. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तोच दगड उचलून मी त्याच्या कपाळावर हाणला.

भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. पण त्यानं हात वर केला नाही. भ्याला, असं वाटून मला आणखी जोर चढला. मी पुन्हा हाणला. तो गुडघ्यावर आला आणि घोंगडं सरकलं.

दोन्ही हातांत त्याची पोरगी होती. तोंडाला फेस, अंग आखडलेलं.

"मले मंग मारा भाऊ," तो म्हणाला, "पयले हिले आत जाऊ द्या."

आणि मी कशाला आलो होतो, विचारा ना. गजकर्णाचं मलम घ्यायला.