फौजदार आणि अठ्ठावन्न वर्षांची बाई

त्या नर्सला फौजदार हे नाव कुणी ठेवलं ते अतिदक्षता विभागात कुणीच कबूल करत नाही. पण ठेवलं ते चपखल. मोठ्यात मोठा सर्जन आत आला आणि हात न धुता खाटेकडे वळला, की ती बेसिनपाशी जाऊन उभी राहायची आणि साबणाच्या बाटलीकडे बघायची. तोंडातून अवाक्षर नाही. सर्जनसाहेब गुपचूप वळायचे. शिकाऊ डॉक्टर तर तिची चाहूल लागली की धुतलेले हातही पुन्हा धुवायचे.

त्या विभागातच काय, सगळ्या रुग्णालयात एका शब्दाला बंदी होती. ‘निवांत’. ‘आज निवांत दिसतंय’ असं कुणी म्हणायचा अवकाश, दार ढकलून गंभीर रुग्ण आलाच म्हणून समजा, अशी सगळ्यांची पक्की खात्री. फौजदार स्वतःला विज्ञाननिष्ठ म्हणवायची. ‘असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही,’ असं ती ठणकावून सांगायची आणि शब्द उच्चारणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा हा नियमही तिनेच केलेला होता.

घरी मात्र तिची फौजदारकी उंबऱ्याबाहेर राहायची, कारण घरात तिच्यावरची अधिकारी होती. आई. आई पदवीधर होती आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नसे. काळजी हा तिचा खरा विषय. त्यात परीक्षा असती तर ती पहिली आली असती. मुलीला यायला उशीर झाला तर अपघात, लवकर आली तर नोकरी गेली, वेळेवर आली तर नक्की काहीतरी लपवतेय. बाबा या सगळ्यात वर्तमानपत्राच्या मागे राहायचे. वर्तमानपत्र वाचून झालं तरी ते खाली ठेवत नसत.

आता फौजदारला पुढे शिकायचं का सुचलं, तर तिची एक चूक झाली होती. एका आजोबांकडे बघून तिला वाटलं, यांचं काही ठीक नाही. तसं तिला नेहमीच सगळ्यांच्या आधी वाटायचं. तिने डॉक्टरांना बोलावून ठासून सांगितलं, हृदयाचं आहे. डॉक्टरांनी शांतपणे तपासलं आणि म्हणाले, “सिस्टर, बोलावलंत ते बरं केलंत. पण हृदय नाही, फुप्फुस आहे. तुम्ही कशावरून म्हणालात?” कशावरून, ते तिला सांगता येईना. आजोबा बरे होऊन घरी गेले, पण तो प्रश्न तिच्या मानगुटीवर बसला तो बसलाच. काहीतरी बिघडलंय हे कळतं. का बिघडलंय, ते कळत नाही. दहा-बारा वर्षं अंदाजावर काढली, उरलेली अंदाजावर काढायची नव्हती.

म्हणून तिने नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं ठरवलं. म्हणजे काय, असं बाबांनी विचारल्यावर ती म्हणाली, “अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला मी स्वतः तपासायचं, कोणत्या तपासण्या लागतील ते ठरवायचं, नेमून दिलेल्या मर्यादेत औषधं बदलायची. डॉक्टर असतातच, पण ते येईपर्यंत हात बांधून उभं राहायचं नाही.”

“तू हात बांधून कधी उभी होतीस?” बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले.

पदव्युत्तर शिक्षणाचे रस्ते दोन होते. पहिला घरातला. व्याख्यानं संगणकावर, प्रात्यक्षिकं आपल्याच रुग्णालयात, नोकरी सांभाळून रडतखडत तीन वर्षं. दुसरा लांबच्या शहरातला. मोठं शिकवणारं रुग्णालय, तिथेच राहायचं, हृदय, मेंदू, अपघात अशा एकेका विभागात महिनोन्‌महिने काढायचे, दोन वर्षांत मोकळं. आईला पहिला रस्ता इतका आवडला, की तो जणू तिनेच बांधला होता. फौजदारला दुसरा हवा होता. तिचं म्हणणं साधं होतं. आपल्या विभागात तिला विद्यार्थी कोण होऊ देणार? तिने ‘मला येत नाही’ म्हटलं तर लोक तिचाच ताप बघतील.

प्रवेशपरीक्षा दोन्हीकडे एकच होती. तेव्हा घरात युद्धबंदी झाली आणि आईने अभ्यास घ्यायची जबाबदारी स्वतःकडे घेतली. फौजदार गणवेशाला इस्त्री करायची आणि आई समोर बसून सरावाच्या पुस्तकातले प्रश्न वाचायची. वाचायची कसली, प्रयोगच लावायची.

“अठ्ठावन्न वर्षांची बाई,” आई आवाज खाली आणायची, “छातीत दुखू लागल्याने रुग्णालयात येते. आडवं झालं की दुखणं वाढतं, पुढे वाकून बसलं की कमी होतं. गेल्या आठवड्यात सर्दी-ताप होऊन गेला आहे. तर…”

“हृदयाच्या आवरणाला सूज. क.”

“बरोबर आहे. पण मग तिचं पुढे काय झालं?”

“काय झालं म्हणजे? उत्तर क.”

“क मरू दे गं. एवढी वाकून बसलेली बाई, हिच्याबरोबर कुणी आलंय का? घरी कोण आहे हिला?”

“आई, पुस्तकात एवढंच असतं.”

“हे कसलं पुस्तक,” आई पान उलटायची, “माणसं दारात आणून सोडतात आणि नंतर विचारपूस नाही.”

एकेका बाईची आणि बुवाची अशी काळजी करत करत आईने अख्खं पुस्तक वाचून संपवलं. फौजदार उत्तीर्ण झाली. दोन्हीकडून बोलावणं आलं. लांबच्या रुग्णालयाला हो की नाही ते सोमवार सकाळपर्यंत फोनवर बटण दाबून कळवायचं होतं.

मग आईची मोहीम सुरू झाली. आधी तिने हवामान काढलं: तिकडची हवा दमट, तुझे केस गळतील. मग वय काढलं: या वयात वसतिगृहात राहणार, पोरी तुला मावशी म्हणतील. शुक्रवारी शेजारीण कामाला लावली. शेजारीण येऊन म्हणाली, “घरच्या घरी शिकायची सोय असताना कुणी लांब जातं का?” आणि आईकडे बघून विचारलं, “बरोबर बोलले ना?”

शनिवारी आई एकदम गप्प झाली. फौजदारने तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

रविवारी सकाळी ती आंघोळ करून बाहेर आली, तर आई सोफ्यावर उताणी, डोळे मिटलेले, हात छातीवर. बाबा बाजूला उभे होते आणि त्यांच्या हातात वर्तमानपत्र नव्हतं. हे फौजदारला आधी दिसलं. ती धावली. नाडी धरली. रोज परक्यांची नाडी बिनचूक मोजणारी फौजदार मोजता मोजता दोनदा आकडा चुकली.

“काय होतंय आई? नीट सांग.”

“छातीत दुखतंय,” आई क्षीण आवाजात म्हणाली. “आडवं झालं की वाढतं. पुढे वाकून बसलं की कमी होतं.”

“बरं.”

“गेल्या आठवड्यात सर्दी-ताप होऊन गेला आहे.”

तिसऱ्यांदा फौजदारचा आकडा चुकला नाही.

खरा रुग्ण असा ओळीने कधी बोलत नाही. खरा रुग्ण आधी परवा लग्नात काय खाल्लं ते सांगतो, मग जावेला असंच झालं होतं ते सांगतो आणि छातीचं दुखणं निघता निघता सांगतो. शिवाय आडवं झाल्यावर दुखणं वाढणारी ही बाई चक्क आडवी होती, आणि बऱ्यापैकी आरामात होती.

“वय?” फौजदारने विचारलं.

“अठ्ठावन्न,” आई म्हणाली.

बाबांनी मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. आई चौसष्टची होती.

झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला कसं करणार? दुसरी कुणी असती तर हसली असती किंवा भडकली असती. पण फौजदारचा एक नियम होता आणि तो आईसाठी मोडायचं काही कारण नव्हतं: छातीत दुखतंय असं कुणीही म्हटलं की तपासायचं. खोटं वाटलं तरी तपासायचं. तिने टॅक्सी बोलावली.

“अगं, बरं वाटतंय आता,” आई ताडकन उठून बसली.

“पुढे वाकून बसलीस ना, म्हणून.”

“कशाला उगाच रुग्णालय? रविवारचे डॉक्टर तरी असतात का?”

“रविवारी फार चांगले असतात. बाबा, हिची चप्पल द्या.”

बाबांनी चप्पल दिली. त्या निमित्ताने त्यांना बराच वेळ खाली वाकून राहता आलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. फौजदारच्याच रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात आईला पडद्याआडच्या खाटेवर निजवलं, गाऊन चढवला, छातीला तारा चिकटवल्या, बोटाला क्लिप लावली. डोक्याशी मॉनिटर टीट-टीट करू लागला. तरुण डॉक्टर आला. त्याने येण्याआधी आणि आल्यावर, असे दोनदा हात धुतले. आईने त्याला तेच पाठांतर म्हणून दाखवलं, आता जरा कमी उत्साहाने. डॉक्टर ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जुना वर्गमित्र भेटल्यासारखा भाव येत होता.

“मॅडम, तुम्ही किती छान सांगता,” तो म्हणाला. “अगदी…”

“अगदी काय?” फौजदारने विचारलं.

“काही नाही, सिस्टर.”

कार्डिओग्राम ठीक आला. रक्ताचा पहिला अहवालही ठीक आला. पण ही तपासणी काही तासांनी पुन्हा करायची असते, तोवर घरी सोडत नाहीत. ओळखीची मेट्रन येऊन विचारपूस करून गेली. आईचा चहा बंद. बाबा तिच्यासमोर बसून चहा प्यायले.

ते वर्तमानपत्र शोधायला बाहेर गेले तेव्हा पडद्याआड दोघीच उरल्या. आई छताकडे बघत म्हणाली, “त्या प्रश्नाचं उत्तर काय होतं गं?”

“कोणत्या?”

“त्या पुढे वाकणाऱ्या बाईच्या.”

“क.”

“हं,” आई म्हणाली. “मी त्या ‘ड’ उत्तर असलेल्या बाईसारखं करायला हवं होतं. तिला नुसतं अपचन होतं.”

फौजदार हसली नाही. तिने आईच्या बोटावरची निसटू लागलेली क्लिप नीट बसवली.

“सकाळी मी घाबरले होते आई. खरंच.”

आई हळूच म्हणाली, “मला खरंच काही झालं आणि तू तिकडे असलीस तर?”

“तुला खरंच काही झालं ना, तर तू असं क्रमाने सांगणार नाहीस. तू म्हणशील, काही नाही गं, जरा दमलेय. आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावत बसशील. ते ओळखता यायला हवं, आई. आज मी तुझं पाठांतर ओळखलं, कारण पुस्तक दोघींनी मिळून वाचलं होतं. पुस्तकात नसलेलं ओळखायचं तर मला तिकडे जायला हवं. इथे त्या एका डॉक्टरांनी विचारलं तेवढंच, बाकी मला कुणी काही विचारत नाही. मी चुकले तरी मान डोलावतात.”

“म्हणजे तू तिथे सारखी चुकणार.”

“रोज.”

“आणि कुणीतरी तुला रागावणार.”

“तशी आशा आहे.”

आईला या गोष्टीचं थोडं समाधान वाटलेलं दिसलं. इतक्यात तरुण डॉक्टर दुसरा अहवाल घेऊन आला. सगळं ठीक होतं. रक्तदाब मात्र किंचित चढलेला. “मॅडम, घरी कसली काळजी वगैरे?”

“छे,” आई म्हणाली, “सगळं निवांत आहे.”

पडद्यापलीकडे काहीतरी खाली पडलं. “कोण म्हणालं ते?” मेट्रनचा आवाज आला. डॉक्टरने डोळे मिटले. फौजदारने आईला नियम समजावून सांगितला, आणि सबंध विभागाचा चहा आईच्या नावावर लागला. तिला स्वतःला घोटही न मिळता.

“चहा सांगेन मी,” आई म्हणाली. “आधी तुझं ते कळवून टाक. सोमवार उजाडायला काय वेळ लागतोय?”

फौजदारने फोन काढला. “हो म्हणू?”

“म्हण की. मला काय त्याचं.”

टीट-टीट-टीट-टीट, मॉनिटर म्हणाला.

दोघींनी वर बघितलं. हिरवे आकडे जिना चढल्यासारखे वर चालले होते. आईने चेहरा शांत ठेवला, लांब श्वास घेतला, छताकडे बघितलं. आकडे चढतच राहिले.

“बिघडलंय यंत्र,” आई म्हणाली.

“असेल.”

“माझं काही म्हणणं नाही. जा तू. खुशाल जा.”

टीट-टीट-टीट-टीट-टीट.

“आई, थांबू का जरा? आकडे खाली येऊ दे.”

“ते काही आज खाली यायचे नाहीत,” आई म्हणाली. “तू यंत्राकडे बघून ठरवणार का माझ्याकडे?” आणि तिने बोटावरची क्लिप सरळ उपटून काढली.

त्याबरोबर मॉनिटरने जी किंकाळी फोडली, ती रस्त्यापर्यंत गेली असावी. मेट्रन धावत आली, तरुण डॉक्टर हात न धुता धावत आला, वर्तमानपत्र मिळालेले बाबा ते बगलेत मारून धावत आले. खाटेवर आई क्लिप हातात धरून बसली होती, पुढे वाकून, आणि मुलीच्या फोनवरचं ‘हो’चं बटण बोटाने दाखवत होती.