दातांनी ऐकणारे मेस्त्री

परशुराम मेस्त्री इंजिन दातांनी ऐकायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनवर टेकवायचं, त्याची लाकडी मूठ दातांत धरायची आणि डोळे मिटायचे. आगरदांड्याच्या जेट्टीवरून येणारा रस्ता जिथं वळतो, तिथं त्यांचं गॅरेज होतं आणि त्याला लागून माझी चहाची टपरी. नवा ड्रायव्हर असला की चिडवायचाच, "मेस्त्री, इंजिन खाताय का काय? आमच्या पोटापुरतं ठेवा." मेस्त्री डोळे उघडायचे, समोरची माणसं हसताना दिसली की मूठ बाजूला करून म्हणायचे, "भिऊ नको, अळणी हाय."

सगळे समजायचे ही त्यांची लकब आहे. पहिली दोन वर्षं मीही तेच समजत होते.

एकदा माझ्या हातून उकळत्या चहाचं पातेलं पडलं. एवढा आवाज झाला की जेट्टीवरची कुत्री भुंकायला लागली. मेस्त्री माझ्याकडं पाठ करून, हातभर अंतरावर पाना पुसत बसले होते. त्यांनी मान वळवली नाही. पायाखालून चहाचा ओघळ आला तेव्हा वळले. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं की मला कळलंय. पाना खाली ठेवून म्हणाले, "सुमन, कुनाला बोलू नको. बहिऱ्या मेस्त्रीकडं गाडी कोन लावील? आनि तू तरी कुनाशी बोलतेस कुठं."

ते खरं होतं. मी चार यत्ता शिकलेली, चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की माझा घसा सुकायचा. नवरा न्हावा शेव्याच्या बंदरात कामाला, महिन्यातून दोनदा घरी. दिवसभरात मी गिऱ्हाइकांना विचारायची ते एवढंच, साखर किती. म्हणून मेस्त्रींनी मला निवडलं.

इंजिनमधली जाड ठोक त्यांना दातांतून, हाडांतून बरोबर कळायची. बारीक आवाज मात्र गेले होते. ते मी ऐकायची. गाडी चालू असताना मी चहा घेऊन बॉनेटजवळ जायची. मग मेस्त्री टपरीवर यायचे, माझ्या ओठांकडं बघायचे आणि मी हळूच सांगायची. मला यंत्रातलं काही येत नव्हतं. मी म्हणायची, तव्यावर उलथनं आपटल्यासारखं वाजतंय, किंवा मांजराचं पिल्लू ओरडतंय. त्यावरून ते आजार ओळखायचे. मांजराचं पिल्लू म्हणजे इंजिनचा सैल पट्टा. हळूहळू त्यांनी मला डॅशबोर्डवरचे दिवेही शिकवले. तेलाचा लाल दिवा लागला की गाडी तिथंच बंद करायची, एक किलोमीटरही पुढं न्यायची नाही. दिव्यावर चिकटपट्टी लावणाऱ्या ड्रायव्हरला ते आत घ्यायचे नाहीत. पण दिवा विझला म्हणून खूश होणाऱ्यावर जास्त चिडायचे. म्हणायचे, "दिवा निस्ता बोट दाखवतो. बोट खाली केलं म्हंजे चोर पळाला असं न्हाय."

असं आमचं तीन वर्षं चाललं. कुणाला संशय आला नाही.

सुभाषची जुनी डिझेल व्हॅन होती. खाडीपलीकडून बोटीनं आलेल्या कोळणींना, त्यांच्या मासळीच्या पाट्यांसकट, तो रोह्याच्या बाजारात सोडायचा. त्या दिवशी त्याचा बॅटरीचा दिवा लागत होता, विझत होता. गाडी भरलेली, बर्फ वितळत होता, बायकांची घाई. यमुनाबाई नावाची एक म्हातारी कोळीण खिडकीतून सारखी ओरडत होती की मेस्त्रीला दातखीळ बसली का बघा रे. ती माझ्याकडं रोज चहात वर चमचाभर साखर मागून घ्यायची.

मेस्त्रींनी बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोचा पट्टा ताणला. दिवा विझला. सुभाषनं हात जोडले.

मी चहा घेऊन बॉनेटजवळ उभी होते. इंजिनच्या खडखडाटाखाली मला एक बारीक आवाज आला. कुकरची रिंग सैल झाली की वाफ निसटते, तसा, सूं करून. त्या गाडीत डायनामोच्या मागं एक छोटा पंप असतो, त्यातून रबरी पाइप ब्रेककडं जातो. तो पाइप चिरला तर ब्रेक दगडासारखा होतो, दाबता दबत नाही. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त आवाज कळला. आठ-दहा माणसं बघत होती. मी म्हणाले, "मेस्त्री, कुकरसारखं सूं वाजतंय." एवढ्या हळू म्हणाले की माझं मलाच नीट ऐकू आलं नाही, ओठही जेमतेम हलले. मेस्त्रींनी माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि बॉनेट लावलं.

मला वाटलं, त्यांना समजलं.

घाटाच्या उतारावर व्हॅन वळण सोडून खाली गेली. यमुनाबाई आणि तिच्या शेजारी बसलेली बाई जागीच गेल्या. सुभाषचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पाइप फाटलेला सापडला, पण तो आपटून फाटला असेल असं तपासायला आलेल्यांनी लिहिलं. सुभाष सांगत होता, ब्रेक लागलाच नाही. कुणी विश्वास ठेवला नाही. फोनवर बोलत असेल, घेतलेली असेल, असं गाव म्हणायला लागलं. त्याच्या बायकोशी नळावर कुणी बोलेना.

चार दिवसांनी मेस्त्री टपरीवर आले. त्यांनी विचारलं, "त्या टायमाला तू काय बोलली व्हतीस का?"

मी मान हलवली. नाही म्हणून. त्यांना वाचवायला की स्वतःला, ते मला अजून सांगता येत नाही.

ते माझ्याकडं बघत राहिले. "तुझे ओठ हलले व्हते," म्हणाले. "मी बघितलं. समजलं न्हाय. पुन्हा इचारलं असतं तर लोकांना कळलं असतं."

मग मी सांगितलं. कुकरसारखं. त्यांनी डोळे मिटले. तोंडात मूठ नव्हती, तरी दात घट्ट आवळलेले होते.

यमुनाबाईच्या दहाव्याला ते तिच्या दारात गेले. मी मागं बायकांत उभी होते. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "सुभाषची चूक न्हाय. पाइप माझ्या हाताखालून गेला. मला ऐकू येत न्हाय, पाच-सहा वर्सं झाली. धंद्यापायी लपवलं." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. यमुनाबाईच्या मुलानं त्यांची गळपट्टी धरली. लोक त्यांना नाही नाही ते बोलले. मला वाटलं, बरं झालं, त्यांना ऐकू येत नाही. मग बघितलं, तर ते एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. बोलणारा बदलला की मान तिकडं वळवत होते. एकही शब्द सोडत नव्हते.

मी तेव्हाही गप्प होते.

गॅरेज बंद झालं. मेस्त्री रोज बंद दारापुढच्या बाकावर येऊन बसायचे. मी चहा द्यायची, ते घ्यायचे. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. एकदाच म्हणाले, "ऐकू आलं ते बोलायचं, सुमन. समोरचा मान हलवील. तू त्याच्यावर जाऊ नको." पुढच्या पावसाळ्यात ते गेले. स्मशानात न्यायला सुभाष कुबडी घेऊन आला होता. गावातले आणखी तिघे.

टपरी अजून आहे. बोट लागली की व्हॅन येतात. परवा एका गाडीखालून तसाच बारीक आवाज आला. मी ड्रायव्हरला सांगितलं. "बघतो बघतो मावशी," म्हणून त्यानं मान हलवली आणि गिअर टाकला. आत बायका बसल्या होत्या, सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी गाडीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. त्यानं हॉर्न वाजवला, शिवी दिली. तो इंजिन बंद करून खाली उतरेपर्यंत मी तेच तेच मोठ्यानं सांगत राहिले.