चपचपीत डोक्यांचा प्रयोग

आधी गाढवपणा सांगते, मग बाकीचं. मी बंगळुरात राहणार की रत्नागिरीला परतणार, हे ज्या प्रयोगावर ठरायचं होतं, त्याच सकाळी मी तीन मुलींच्या डोक्यांवर खोबरेल थापलं.

तेव्हा मी तरुण होते, अवघी एकसष्ट वर्षांची! शाळेतली नोकरी संपली, आणि मन म्हणजे नुसता मेंदूच की आणखी काही, हे शिकायला निघाले. तत्त्वज्ञान आणि मेंदूविज्ञान एकत्र, दोन वर्षांचं एम.ए. स्टेशनवर हे म्हणाले, "पहिल्या सहामाहीत नापास झालीस तर गुपचूप ये. मी कोणाला सांगणार नाही." म्हणजे सगळ्या आळीला सांगणार. आईने घाण्यावरच्या तेलाची बाटली हातात कोंबली. "डोकं कोरडं ठेवू नको गो, विचार करपतात."

रत्नागिरीला भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत पाय पसरून मी विचार करायचे. बंगळुरात विचारांना टोपी घालतात. तारांची. टाळूला टेकलेल्या चकत्या मेंदूतली वीज टिपतात. वसतिगृहातल्या तीन मुलींनी टोपी घालून शांत बसायचं, मनात घर आलं की बटण दाबायचं, आणि त्या क्षणीच्या रेघा मी वाचायच्या, असा माझा प्रयोग. पोरी तासभर बसणार, म्हणून मायेने तेल चोळलं. एवढी पुस्तकं वाचली होती विदुषीने! तेलावर चकत्या कुठल्या टेकायला? पडद्यावर रेघांचा नुसता गुंता. माझ्या लेकीहून लहान असलेल्या आमच्या मार्गदर्शक बाईंनी माझे तुकतुकीत हात पाहिले.

"मॅडम, मीच लावलं," म्हटलं.

"सहापर्यंत लॅब तुमची. मग नाही."

तिघींना बाथरूममध्ये ओळीने स्टुलावर बसवून शिकेकाईने दोन-दोनदा न्हाऊ घातलं. सहाच्या आत रेघा आल्या, अगदी सुरेख.

परत येऊन आता तीन वर्षं झाली. तरी घर म्हटलं की आमच्या अंगणाबरोबर ते ओलं बाथरूमही डोळ्यांपुढे येतं. याला कारण त्या तिघींतली कोल्हापूरची पोर. अहवाल द्यायच्या आदल्या दिवशी ती येऊन जे बोलली, ते मी शेवटच्या पानावर जसंच्या तसं लिहिलं. बाईंनी रेघांचे गुण कापले आणि त्या एका पानावर मला पास केलं. ती म्हणाली होती:

"आज्जी, रागावू नका, मी बटणं उगाच दाबली. टोपी घातल्यावर घर एकदा पण आलं नाही मनात. न्हाऊ घालताना तुम्ही डोकं चोळत होता तेव्हा मात्र मी घरातच होते, पण तेव्हा टोपी कुठं होती?"