कर्नलला तीनदा सूप

दानीएल भिंगारदिव्यांनी जन्मात एकच इस्टेट केली, ती म्हणजे इंग्रजी. बाकी ना जमीन ना जुमला. भिंगारच्या कँपाला लागून दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात अकरा कोंबड्या आणि एक खुनशी कोंबडा. पण इंग्रजी म्हणाल तर अस्सल. चौदाव्या वर्षी ऑफिसरांच्या मेसमध्ये बशा विसळायला लागले आणि चौसष्ट साली हेड वेटर होऊन बाहेर पडले. मधली सगळी वर्षं साहेबांच्या खुर्चीमागे उभं राहून त्यांनी ते गोळा केलं. साहेब बोलायचे, हे सूप वाढायचे, आणि कानावर पडेल तो शब्द घरी घेऊन यायचे. सूप काही घरी आणता येत नव्हतं.

मेसमध्ये मात्र त्यांनी ही इस्टेट कधी उघडी केली नाही. नोकर नीट बोलायला लागला की साहेबाला तो शिष्ट वाटतो, हा त्या धंद्यातला पहिला धडा. म्हणून साहेबापुढे मोडकंतोडकं बोलायचं आणि घरी येऊन मेरीबाईंपुढे कर्नलच्या थाटात चहा मागायचा. मेरीबाईंना इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं, पण चहा कळायचा. गल्लीत मात्र दानीएलमामांच्या शब्दाला वजन होतं. कुणाचा सरकारी कागद आला की तो मामांकडे यायचा, कुणाला अर्ज लिहायचा तर मामांनीच लिहायचा. फक्त शेजारचा शलमोन, दवाखान्यातला जुना कंपाउंडर, म्हणायचा की वेटरचं इंग्रजी ते काय, मेनूकार्डापुरतं. शलमोनला काय, स्वतःच्या बाटलीवरचं लेबल वाचायला चष्मा लागायचा. पण मामांना ते बोलणं लागायचं.

एकाहत्तरच्या जूनमध्ये त्यांच्या अंगणात रंगनाथ दरंदले आला. नेवाशाकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, नगरच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन एम.ए. करत होता. त्याला एक प्रबंध लिहायचा होता, आणि त्याच्या सरांनी विषय काढून दिला होता: छावणीतल्या खानसामे-वेटर लोकांचं अशुद्ध इंग्रजी. हे त्याने मामांना तोंडावर सांगितलं बरं का, 'अशुद्ध' म्हणून, आणि वर नम्रपणे सलाम केला. मुलगा वाईट नव्हता हो. पुस्तकं खूप वाचली होती, पण इंग्रजी बोलायची वेळ आली की त्याची दातखीळ बसायची. वडील आप्पासाहेबांनी त्याला बजावून ठेवलं होतं, की मार्चात पास झालास तर मास्तर हो, नाहीतर साखर कारखान्याच्या काट्यावर ऊस मोजायची नोकरी सांगून ठेवली आहे. रंगनाथला काटा नको होता. काट्याचं नाव काढलं तरी त्याचा चेहरा पडायचा.

पहिल्या दिवशी मामांनी सरळपणे त्याला सगळी हकीकत सांगितली. कशी मेस होती, कुठला कर्नल कसा जेवायचा, पान कसं मांडायचं, आणि सगळं चोख इंग्रजीत. पाऊण तास बोलले. रंगनाथच्या हातात लग्नपत्रिका कापून केलेल्या कार्डांचा गठ्ठा होता, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला. त्यावर त्याने एक अक्षर लिहिलं नाही. शेवटी फार ओशाळून म्हणाला, "मामा, हे नाही. तुम्ही मेसमध्ये बोलायचात तसं बोला ना."

मामांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी ऐकायला आलं, आणि त्याला हे नको. बरं, तुला मोडकंच पाहिजे ना, घे मग. त्यांनी म्हाताऱ्या खानसाम्याचा आवाज काढला आणि सोडून दिलं: "साहेब गोइंग, डॉग ऑल्सो गोइंग, पुडिंग नोबडी ईटिंग." रंगनाथची पेन्सिल अशी पळाली की पत्रिका फाटली.

झालं. मामांना गोडी लागली. रंगनाथ मंगळवारी आणि शुक्रवारी सायकलवर यायचा, आणि मामा सोमवारी आणि गुरुवारी कोंबड्यांना दाणे टाकता टाकता वाक्यं जुळवून ठेवायचे. चांगलं इंग्रजी मोडायलाही चांगलं इंग्रजी यावं लागतं, हे त्यांना नव्यानेच कळलं. एकदा मेजावर गल्लीतल्या कुणाचा तरी अर्ज पडला होता, मामांच्या अक्षरातला, देखण्या इंग्रजीतला. रंगनाथने त्याच्यावर आपली वही ठेवली आणि अशुद्ध वाक्यं उतरवायला घेतली. मामांना वाटलं होतं, आता तरी बघेल. त्याने नाही बघितलं. मग मामांनीही लाज सोडली.

दिवाळीच्या सुमाराला त्यांनी कहर केला. वाक्यं संपत आली होती, म्हणून त्यांनी एक नियमच काढून दिला. म्हणाले, मेसमध्ये शब्द हुद्द्याप्रमाणे बोलायचा असतो. कॅप्टन असला तर 'सूप रेडी'. मेजर असला तर 'सूप सूप रेडी'. आणि कर्नलला तीनदा, 'सूप सूप सूप रेडी', नाहीतर अपमान होतो. रंगनाथने डोळे विस्फारून विचारलं, आणि ब्रिगेडियर आला तर? मामा म्हणाले, तोवर सूप थंड व्हायचं. तेही त्याने लिहून घेतलं.

मेरीबाई आतून ऐकत होत्या. पोर गेल्यावर त्या म्हणाल्या, की तुमचं इंग्रजी मला समजत नाही, पण तुमचं तोंड समजतं. त्या लेकराला तुम्ही बनवताय. मामा म्हणाले, जरा गंमत. मेरीबाई म्हणाल्या, गंमत तुमची आणि फजिती त्याची.

बांगलादेशची लढाई संपली, नाताळ झाला, आणि जानेवारीअखेर रंगनाथ काळ्या बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा प्रबंध घेऊन आला. पेढेही आणले. मामांनी तो त्या रात्री वाचायला घेतला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तिसरं प्रकरण, एकोणतीस पानं, सगळं सूपच सूप. तक्ता होता, आलेख होता. पोराने मेहनत अशी घेतली होती, भाषा अशी स्वच्छ लिहिली होती, की मामांना वाचता वाचता रडू यायला लागलं. इतकं सरळ पोर, आणि आपण त्याच्या डोक्यावर हे खोटं लादलं.

त्यातून मार्चात निरोप आला. पुण्याचे परीक्षक तोंडी परीक्षेला नगरला येणार होते. तिसरं प्रकरण वाचून ते थक्क झाले होते. असा नियम जगात कुठल्याच भाषेत त्यांनी पाहिला नव्हता. म्हणून तोंडी परीक्षा कॉलेजात नाही, भिंगारला मामांच्या अंगणातच घ्यायची, त्या माणसाला स्वतःच्या कानाने ऐकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. रंगनाथ हे सांगताना आनंदाने नाचत होता. मामा कोंबड्यांकडे बघत होते.

खरं सांगावं तर पोराचं वर्ष बुडतं आणि तो काट्यावर जातो. रंगनाथला आधी सांगून ठेवावं तर त्याला खोटं वागता यायचं नाही, परीक्षकापुढे त्याचं तोंड सगळं सांगून टाकेल. उरला एकच मार्ग. परीक्षकापुढे मोडकं बोलायचं, तेही जन्मात बोललो नाही इतकं झकास मोडकं. गल्लीत नाव जाईल. जाऊ दे. मेरीबाईंना सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, की तुमीच घातला घोळ, तुमीच निस्तरा.

परीक्षक टांग्यातून उतरले ते हसतमुख, गोल चेहऱ्याचे, खिशाला तीन पेनं. त्यांना खुर्ची दिली, रंगनाथला स्टूल. मामा सवयीने खुर्चीच्या मागे जाऊन उभे राहिले. त्यांना ओढून पुढे आणावं लागलं. आणि कुंपणावर कोपरं टेकून शलमोन उभा. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण अशा वेळी शलमोनला बोलवावं लागत नाही.

मामांनी सुरुवात केली. काय बोलले म्हणता! कॅप्टन झाला, मेजर झाला, कर्नलला तीनदा सूप झालं. परीक्षक मांडीवर थाप मारत होते. कुंपणावर शलमोन खोकल्याचं सोंग करून हसत होता आणि मामांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. चाळीस वर्षांची इस्टेट त्या कुंपणापाशी उधळली जात होती, आणि ते तोंड भरून उधळत होते. एवढ्यावर निभावलं असतं.

पण परीक्षक रंगनाथकडे वळले आणि त्यांनी इंग्रजीत विचारलं, की हा नियम तू आणखी कुणा वेटरकडून पडताळून घेतलास का? साधा प्रश्न होता. रंगनाथ उठून उभा राहिला. त्याने हातातला पत्रिकांचा गठ्ठा उगाच सारखा केला, आणि मग जे बाहेर पडलं ते होतं असं: "सर, आय आस्किंग, अदर वेटर नॉट देअर, ऑल डेड गोइंग."

परीक्षकांनी खिशातलं पेन काढलं, रंगनाथच्याच गठ्ठ्यातली एक कोरी पत्रिका उचलली आणि ते वाक्य हसत हसत उतरवून घेतलं. वर म्हणाले, की प्रबंध चांगला आहे, पण नमुना म्हणून उमेदवार जास्त चांगला आहे. रंगनाथ जमिनीकडे बघत उभा राहिला.

आता मामांचा राग तुम्हाला ठाऊक नाही. तो चाळीस वर्षं खुर्चीमागे उभा होता. ते दोन पावलं पुढे आले, पाठ ताठ केली, आणि भर मेजवानीत कर्नलला बजावावं अशा थंड, गोळीबंद इंग्रजीत म्हणाले, की साहेबांनी कृपा करून पेन खिशात ठेवावं. या घरात पाहुण्याची नक्कल उतरवून घेत नाहीत. कुंपणावरचा खोकला एकदम थांबला. मामा थांबले नाहीत. त्याच इंग्रजीत त्यांनी सगळं सांगून टाकलं: सूप खोटं, नियम खोटा, तिसरं प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत आपलं पाप. मुलाने जे ऐकलं ते इमानाने लिहिलं. शिक्षा करायची तर मला करा.

परीक्षकांचं तोंड उघडं राहिलं होतं. रंगनाथचं तर विचारूच नका. त्याला आधी समजेना, मग समजलं, आणि तो मामांवर असा ओरडला की कोंबडा छपरावर जाऊन बसला. "मामा, दहा महिने! दहा महिने तुम्ही माझ्याशी असं का बोललात?"

मामांची मान खाली गेली. म्हणाले, "पोरा, पैल्या दिशी नीटच बोलल्तो. तू कुठं लिहून घेतलंस?"

मग परीक्षकांनी पेन खिशात ठेवलं, ती पत्रिका फाडली आणि खुर्ची पुढे ओढली. त्यांचा आवाज बदलला होता. ते रंगनाथला इंग्रजीतच म्हणाले, की तुझं तिसरं प्रकरण आता गेलं. या माणसाने असं का केलं, ते तू मला इथे, आत्ता, इंग्रजीत सांगू शकलास तर मी तुला उमेदवार मानेन. नाहीतर हा प्रबंध परत घेऊन जा.

रंगनाथने मामांकडे बघितलं. मग पोराने सुरुवात केली. काय ते इंग्रजी, देवा! क्रियापद एकीकडे, कर्ता दुसरीकडे. पण तो थांबला नाही. म्हणाला, की मी वाईट इंग्रजी शोधायला आलो होतो, म्हणून मला वाईटच मिळालं. यांनी चांगलं दिलं तेव्हा मला ते माहितीसारखं वाटलं नाही, कारण वेटरकडून काय ऐकायचं हे मी घरून ठरवून आलो होतो. समोर यांचा अर्ज पडला होता, त्यावर मी वही ठेवली. मेसमधले साहेबही यांच्याकडून तेवढंच ऐकायचे, आणि मीही साहेबच झालो. असं वीस मिनिटं, अडखळत, घाम पुसत. मामांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्यांना गरज वाटली नाही.

तो खाली बसला. मग मामांकडे वळून, आणि आता अगदी बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं, परीक्षकांनी विचारलं, की मिस्टर भिंगारदिवे, तुमच्या मते या मुलाचं इंग्रजी एम.ए.च्या लायकीचं आहे का?

मामांनी डोळे पुसले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि सांगितलं, "साहेब, याहून वाईट इंग्रजी बोलणाऱ्या कर्नलांना मी जेवू घातलंय, आणि त्यांच्या हुकमावर पलटणी चालल्यात."

परीक्षक असे हसले की त्यांचा चष्मा घसरला. त्यांनी खुराड्यावर कागद ठेवला आणि उमेदवार पास असं लिहून सही केली. तिसरं प्रकरण मात्र आजच्या वीस मिनिटांतून नवं लिहून महिन्याभरात पाठवायचं होतं. रंगनाथने ते लिहिलं. मामांशी तो पंधरा दिवस बोलला नाही, आणि सोळाव्या दिवशी सायकल लावून सरळ स्वयंपाकघरात मेरीबाईंकडे चहा मागायला गेला.