हार निवडणारा अंगठा

नाशिक रोडला माझं फुलांचं दुकान आहे. एक पोरगा दर शनिवारी येतो आणि त्याच्या बाजाच्या पेटीसाठी झेंडूचा हार घेतो. गाणारा म्हणून जिल्ह्यात त्याचं लय नाव, पण हार घेताना एकेक फूल अंगठ्याने दाबून बघणार आणि गुणगुणणार. बोलणंही तालात, "ताजा हाय ना काका, ताजा हाय ना?"

त्याने सिनेमात खुन्याचं काम केलंय असं कळलं, तेव्हा मी तोंडावर सांगितलं, "गाणाऱ्याने गावं. तुला ते जमायचं नाय."

"बघा तर खरं. तुम्हाला नाय पटलं तर पुन्हा सिनेमात जायचो नाय."

मी चौथी शिकलेलो, पण बोललेलं मागे घेत नाय. तरी पहिल्याच खेळाला गेलो.

सगळा सिनेमा अंधाराचा, सावल्यांचा, मधे गाणी. शेवटी तो गात गात दगाबाज दोस्ताच्या गळ्यात हार घालतो. गाणं थांबलं. एकेक फूल अंगठ्याने दाबत तो वर सरकला, थेट नरड्यापर्यंत. माझ्या दुकानातलाच तो अंगठा! अंगावर काटा आला. भानावर आलो तेव्हा मी उभा राहून टाळ्या वाजवत होतो.

शनिवारी तो आला, पण गुणगुणला नाय.

"काका, सोडू का सिनेमा?"

"तू लांबच थांब. हार मी निवडतो."

तो हसला, गुणगुणायला लागला. मी हार पिशवीत घालून लांबूनच दिला.