पाऊणताईच्या मापाची सायकल

आमच्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिला सगळे पाऊणताई म्हणायचे. माणूस पूर्ण, उंची पाऊण, म्हणून. ती स्वतःच हसून ओ द्यायची, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. मोठ्या चादरीची घडी घालायला दोघी लागतात. आम्ही समोर उभ्या राहिलो की चादर तिच्या बाजूला उतरती व्हायची, म्हणून ती साबणाच्या खोक्यावर चढून घड्या घालायची.

घर लांब, आणि तिच्या कामाच्या पाळीच्या वेळेला बस नसायची. ती चालत यायची. नवऱ्याची सायकल होती, पण तो ताडमाड. सीट अगदी तळाला नेली तरी हिचे पाय पॅडलपर्यंत पोचायचे नाहीत. लहानपणी वडिलांच्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून शिकली होती. "आता चाळिशीत तशी चालवली तर लोक तिकीट काढून बघायला येतील," म्हणायची. दुकानात विचारलं की दुकानदार लहान मुलींची सायकल पुढे करायचे, हँडलला झिरमिळ्या लावलेली.

मग एक दिवस वाटेतल्या एका घराच्या फाटकावर पाटी दिसली. जुनी लेडीज सायकल विकणे आहे. दार उघडलं ते एका म्हाताऱ्या निवृत्त नर्सबाईंनी. त्या हिच्याहूनही बोटभर बुटक्या.

"चालवून बघू का?" हिने विचारलं.

"आधी नुसती बस. चवडे टेकतात?"

"टेकतात."

"हँडल धरायला वाकावं लागतंय?"

"नाही हो!"

"मग ने. काल एका लंबूला परत पाठवलं मी. गुडघे कानाला लागत होते मेल्याचे."

हिरवा रंग बराच उडालेला, चेनकव्हरला पोचे, पण चाकं सरळ आणि ब्रेक पक्के. बाईंनी किंमतही हिच्या ऐपतीतली सांगितली. पाऊणताई तिथूनच सायकलवर बसून कामावर आली.

त्यानंतरचे काही महिने तिचे फार चांगले गेले. आयुष्यभर इतरांच्या मागून दुडुदुडु चाललेली बाई आता आम्हालाच मागे टाकून जायची. सुट्टीच्या दिवशी उगाच लांबच्या रस्त्याने बहिणीकडे जायची. चेनला तेल घालायची, ते काम दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाही.

नवऱ्याला मात्र त्याचे मित्र चिडवू लागले. "काय रे, बायकोला खटारा घेऊन दिलास?" त्याने दिलेली नव्हतीच, पण टोमणा त्याला लागला.

एकदा ती तापाने अंथरुणाला खिळली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी अंगणातून हाक आली, "अगं, बाहेर ये!" बाहेर शेजारीपाजारी जमलेले. मध्ये लालभडक, नवीकोरी, उंच सायकल, आणि तिच्या बाजूला छाती फुगवून नवरा.

"तुझं भंगार देऊन आणली. वरचे पैसे मी घातले. बस की!"

सगळे बघत होते. ती बसली. पाय लोंबकळले. त्याने सीट खाली घेतली, तरी लोंबकळलेच. मग लहान पोराला शिकवतात तसं मागून धरून त्याने ढकललं. फाटकापर्यंत गेली, थांबायला पाय टेकेना, तशी ती आडवी झाली. गुडघा फुटला. लोक हसले. वाईट मनाने नाही, पण हसले.

"होईल सवय," नवरा म्हणाला.

"पायांना लांब व्हायची सवय कशी होते हो?" तिने विचारलं. त्यावरही लोक हसले.

ताप उतरताच ती दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "बाई, ती तर तेव्हाच मोडली. चाकं हातगाडीला गेली, बाकी लोखंडात. तुमचेच मिस्टर म्हणाले, मोडून टाका, नाहीतर ही परत मागायला येईल."

हे तिने मला चादर धरता धरता सांगितलं. घरी जाऊन तिने नवऱ्याला विचारलं, "मोडा म्हणालात?"

"एवढी नवी आणून दिली तरी तोंड वाकडंच," तो म्हणाला आणि जेवू लागला.

लाल सायकल आता तोच वापरतो. त्याने सीट वर घेतली आहे. ती पुन्हा चालत येते, आणि आता नर्सबाईंचं घर टाळून मागच्या गल्लीने येते. तरी एकदा त्या इस्पितळात तपासणीला आल्या नि भेटल्याच. "चालते ना नीट?" त्यांनी विचारलं.

"छान चालते," ती म्हणाली, आणि मळक्या कपड्यांची ढकलगाडी घेऊन पुढे गेली.

परवा तिची नणंद आमच्यासमोर म्हणाली, "वहिनी, तू नशीबवान बघ. न मागता दादाने नवी सायकल आणली. आमच्याकडे मागूनही मिळत नाही."

पाऊणताईने चादरीची दोन टोकं जुळवली. "हो ना," म्हणाली. "आणि तो ती रोज पुसतोही."